एक रुपयाची मोटारसायकल

हिशेबाच्या पुस्तकात प्रत्येक यंत्राचं मरण आधीच लिहून ठेवलेलं असतं. यंत्र विकत घेतलं की पहिल्या वर्षापासून त्याच्यावर घसारा लावायचा, दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी कमी दाखवायची आणि शेवटी काहीच उरलं नाही की नावापुरता एक रुपया ठेवून द्यायचा. हा एक रुपया मोठा गमतीचा असतो. वस्तू हिशेबातून गेली, पण जागेवरून हललेली नाही, एवढंच तो सांगतो. बँकेतल्या नोकरीत असे कितीतरी एक रुपये मी पाहिले. टाइपरायटर, भिंतीवरचं घड्याळ, जिन्याखालची लोखंडी तिजोरी; सगळी मंडळी एकेका रुपयाची धनी.

निवृत्तीनंतर मी अशीच एक रुपयाची वस्तू घरी आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बी.एस.ए. कंपनीची ‘एम-ट्वेंटी’ मोटारसायकल. तिच्यासाठी जी रक्कम मोजली, त्या रकमेच्या कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीच तो शेरा मारून परत पाठवला असता. गेली सहा वर्षं मी ती दुरुस्त करतो आहे आणि गेली चार वर्षं चालवतो आहे. ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, हे ज्यांनी जुनी ब्रिटिश मोटारसायकल बाळगली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते या छंदातल्या बऱ्याच मंडळींना रुचत नाही. जुनी गाडी जपायची असेल तर ती चालवली पाहिजे. न चालवता जपणं हे जपणं नव्हे, ती नुसती साठवण.

बी.एस.ए. ही अक्षरं मराठी घरांना सायकलमुळे ओळखीची आहेत. पुढे मद्रासला तयार झालेल्या या नावाच्या सायकलवरून आपल्यापैकी कित्येकजण शाळेत गेले असतील. ही अक्षरं मूळची ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ या नावाची. १८६१ साली बर्मिंगहॅममधल्या बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. म्हणूनच तिच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत. बंदुकांना गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा त्याच कारखान्यात सायकली होऊ लागल्या आणि सायकलीमागून मोटारसायकली आल्या.

महायुद्धात या कारखान्याने ब्रिटिश सैन्याला सव्वा लाखाहून अधिक एम-ट्वेंटी पुरवल्या. ४९६ सीसीचं एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्हचं साधं इंजिन, मागच्या चाकाला शॉक अॅब्सॉर्बर नाहीत, फक्त सीटखाली दोन स्प्रिंगा. रूप म्हणाल तर बैलगाडीचं आणि स्वभाव म्हणाल तर बैलाचा. फारशी धावत नाही, पण थांबतही नाही. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथ इथल्या या कारखान्यावर बॉम्ब टाकले. त्यात ५३ कामगार ठार झाले. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि गाड्या निघत राहिल्या. माझ्या गाडीच्या इंजिनावर ‘डब्ल्यू-एम-ट्वेंटी’ असा ठसा आहे. त्यातला ‘डब्ल्यू’ युद्धकाळाचा. तो ठसा साफ करताना प्रत्येक वेळी ती रात्र मनात येते.

या गाड्यांवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांनी जगाला आणखी एक गोष्ट दिली आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली आपल्या ‘ब्रफ सुपीरियर’ मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या मारामुळे काही दिवसांनी गेला. त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. युद्धाच्या काळात सैन्यातले निरोपे अपघातात डोकं फुटून मरतात, हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवून दिलं आणि १९४१ साली ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आज आपल्या डोक्यावर जे हेल्मेट असतं त्याचा एक धागा इथून निघतो. पुणेकरांनी रागावू नये, पण ज्याने जुनी मोटारसायकल हौसेने चालवायची, त्याने हेल्मेटवर वाद घालू नये.

युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेला लष्करी माल विकायला निघाला. जुन्या पिढीला ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आठवत असेल. त्या मालातून अशा गाड्या नागरी मालकांच्या हाती आल्या. माझी गाडी मला मिळाली ती एका वाड्यातल्या गोठ्यात. टाकीवर कोंबडी बसलेली होती आणि गाडी काढताना तिने जो गोंधळ घातला, तो पाहता खरी मालकी तिचीच असावी.

गाडी टेम्पोतून कोल्हापूरला उद्यमनगरात आणली. इथे लेथ आणि फाउंड्रीची परंपरा मोठी आहे. ओळखीने एक मिस्त्री मिळाले, वय वर्षं त्र्याहत्तर. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “साहेब, खोलायला दोन दिवस लागत्यात. काय कुठलं हाय ते ध्येनात ठिवायला जलम जातोय.” मग त्यांनी मला पहिलं काम दिलं ते तुपाच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गोळा करण्याचं. प्रत्येक बरणीत एका भागाचे नट-बोल्ट आणि वर चिठ्ठी. घरी सौ.ने विचारलं, “अहो, बरण्या चालल्या कुठे?” मी सांगितलं, लोणचं घालतोय.

या नट-बोल्टांची एक वेगळीच दुनिया आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचं माप ठरवून दिलं. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. हे पाच अंश म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ. दिसायला सारखा म्हणून नवा बोल्ट जुन्या भोकात घातला तर तो एक-दोन फेरे मुकाट जातो आणि मग आटे खाऊन टाकतो. पान्यांचीही तीच तऱ्हा. आजच्या पान्यावर नटाच्या डोक्याचं माप असतं, व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचं. त्यामुळे हे पाने शोधत पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडावं लागतं. तिथे ते किलोवर मिळतात, कारण विकणाऱ्याच्या हिशेबीही त्यांची किंमत एक रुपयाच असते.

सर्वांत अवघड काम निघालं ते मॅग्नेटोचं. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगी तयार करणारं यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. त्याच्या पोटात केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांत गुंडाळलेली असते आणि तिच्यावर लाखेचा लेप असतो. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली की तो लेप दमट हवा धरतो. मग गाडी थंड असताना सुरू होते, पाच किलोमीटर छान जाते आणि इंजिन तापलं की ठिणगीच नाहीशी होते. गार झाली की पुन्हा सुरू. जाणकार नसेल तो कार्ब्युरेटरमध्ये दोष शोधत बसतो.

सांगलीत एक गृहस्थ हे गुंडाळायचं काम करत. जुन्या शिवणयंत्राच्या पायट्यावर त्यांनी स्वतःच यंत्र बनवलं होतं. तार सोडताना ते बोलत नसत, कारण मनात वेढे मोजत असत. माझा मॅग्नेटो त्यांनी अकरा दिवसांत करून दिला आणि तो आजतागायत एकदाही रुसलेला नाही. दोन वर्षांनी एका मित्राच्या गाडीसाठी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. गृहस्थ वारले होते. मुलाने यंत्र भंगारात दिलं होतं. त्याला मी दोष देत नाही. त्या यंत्रावर काय होतं, किती वेढे, कुठली तार, लाख कशी तापवायची, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या बोटांत होतं आणि बोटांबरोबर गेलं.

मला या छंदात जी खरी काळजी वाटते, ती इथे आहे. गाडी आज ना उद्या मिळेल. पैसे मोजले तर इंग्लंडहून सुटे भागही येतील, कारण तिथे जुन्या गाड्यांचे भाग नव्याने बनवणारे लोक आहेत. पण भाग हातात आल्यावर तो बसवायचा कोणी? कान लावून आवाज ऐकायचा कोणी?

आता काचेआड ठेवणाऱ्यांविषयी. अलीकडे जुन्या मोटारसायकलींना चांगले दिवस आले आहेत. प्रदर्शनं भरतात, बक्षिसं मिळतात, दिवाणखान्यात सोफ्याशेजारी गाडी उभी करायची पद्धतही निघाली आहे. गाडी मुळात खाकी रंगाची असली तरी तिला काळा चकचकीत रंग द्यायचा, सोनेरी रेघा ओढायच्या आणि दिसेल त्या पत्र्यावर क्रोम चढवायचा. कारखान्यातून निघाली तेव्हाही ती इतकी देखणी नव्हती. बँकेच्या भाषेत ‘नजरगहाण’ असा शब्द आहे. वस्तू कर्जदाराकडे राहते, बँकेचा हक्क नुसता नजरेने. या गाड्या अशाच नजरगहाण पडलेल्या असतात. बघायचं, हात लावायचा नाही.

सौंदर्य ज्याच्या त्याच्या डोळ्यांत असतं, हे मला मान्य आहे. माझी तक्रार यंत्राच्या बाजूने आहे. माझ्याच गाडीचं उदाहरण घ्या. तिचं ऑइल इंजिनाखाली नसतं, बाजूच्या वेगळ्या टाकीत असतं आणि पंपाने फिरतं. टाकीतून ते खाली गळू नये म्हणून वाटेत एक छोटी पोलादी गोळी बसवलेली आहे. गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की त्या गोळीच्या कडेने ऑइल हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं. मग किक मारली की असा धूर निघतो की आमच्या गल्लीतल्या मुलांना वाटतं, महापालिकेची डासांची गाडी आली. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीला हा त्रास होत नाही. रबरं सुकतात ती उभ्या गाडीची. टायर एका जागी चपटे होतात ते उभ्या गाडीचे. मिस्त्रींचं म्हणणं याहून थोडक्यात आहे: “गंजून न्हाईत मरत साहेब, बसून मरत्यात गाड्या.”

त्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. २०२५पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. जुनी रबरं आणि जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर यांना ते मानवत नाही. गंमत म्हणजे यातलं बरंचसं इथेनॉल आमच्याकडच्या उसापासूनच निघतं, त्यामुळे कोल्हापूरकराला तक्रार करायचीही चोरी. यावर उपाय साधा आहे. रबरं नव्या जातीची बसवायची, टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवायचं नाही आणि गाडी उभी करताना नळ बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्यायचं. म्हणजे इथेही सांगणं तेच, की वापरत राहा.

कायदा मात्र थोडा वेगळ्या बाजूला झुकतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. शुल्क वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. जुन्या वाहनांना सरसकट भंगार न मानता सरकारने त्यांची दखल घेतली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. मी म्हणूनच दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन नेहमीचीच नोंदणी चालू ठेवली आहे. रविवारी सकाळी पन्हाळ्यापर्यंत जाऊन येण्याची मुभा या नव्या नियमातही असावी, असं मला वाटतं. पुतळ्यांसाठी नियम करावा तसा नियम यंत्रांसाठी करू नये.

चालवायची म्हणजे काय, तेही सांगतो. पेट्रोलचा नळ उघडायचा. कार्ब्युरेटरवरची छोटी कळ दाबून पेट्रोलचा थेंब ओघळेपर्यंत थांबायचं. हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी मागे घ्यायची, नाहीतर किक उलटी बसते आणि पिंढरी महिनाभर आठवण ठेवते. किक दाबत दाबत इंजिनाचा दाब जिथे लागतो तिथे यायचं, व्हॉल्व्ह उचलून त्याच्या किंचित पुढे जायचं आणि मग सगळं वजन टाकायचं. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ताशी पन्नास किलोमीटरला ही बाई खूश असते. त्याहून घाई केलेली तिला आवडत नाही आणि तिचे ब्रेक पाहता आपल्यालाही आवडू नये. पन्हाळ्याच्या चढावर ती प्रत्येक ठोका सुटा ऐकवत, न धापता चढते. या वयात माझ्या ओळखीत असं दुसरं कोणी नाही.

यावर आक्षेप घेणारे भेटतात आणि ते बरोबरही असतात. ही गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. सोडते. म्हणून ती रोज ऑफिसला न्यायची नाही. ही पैसेवाल्यांची हौस आहे. बऱ्याच अंशी आहे. म्हणूनच तो पैसा क्रोमवर जातो की कारागिरावर, हे विचारलं पाहिजे. तिसरा आक्षेप असा, की जुनं ते सोनं म्हणत बसणं हा म्हातारपणाचा रोग आहे. त्यावर खुद्द ब्रिटिश मोटारसायकलींचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९५१ साली बी.एस.ए.ने ट्रायम्फ विकत घेतली, तेव्हा मोटारसायकलींच्या धंद्यात तिच्या तोडीचं जगात कोणी नव्हतं. पण नफा होता तोवर नवी यंत्रसामग्री घ्यायची टाळाटाळ झाली. ऑइल गळतंच, त्यात काय विशेष, अशी वृत्ती राहिली. १९६९ साली होंडाने चार सिलिंडरची साडेसातशे सीसीची गाडी आणली. बटणावर सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक असलेली, आणि खाली ऑइलचा थेंब नाही. चार वर्षांनी, १९७३ साली, बी.एस.ए. स्वतंत्र कंपनी म्हणून उरली नाही. पुढे स्मॉल हीथचा कारखानाही पाडला गेला. जुन्या पुण्याईवर जगणाऱ्यांचं असंच होतं, हे मला मान्य आहे.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग आपल्याकडे घडला. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने १९५५ साली मद्रासच्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि ‘बुलेट’ इथे बनू लागली. १९७०च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली. बुलेट मात्र बंद पडली नाही. का? सैन्य आणि पोलीस ती घेत होते, हे एक कारण झालं. माझ्या मते दुसरं कारण असं की, गावोगावी झाडाखाली बसून ती खोलणारा आणि जोडणारा मिस्त्री होता. जी गाडी कुठेही दुरुस्त होते, ती लोक घेत राहतात. आज ट्रायम्फच्या काही गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात, नॉर्टन २०२०पासून चेन्नईच्या टीव्हीएसची आहे आणि बी.एस.ए.चं नाव महिंद्रांच्या कंपनीकडे आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र नावं विकत घेता येतात, हात विकत घेता येत नाहीत. ते एकाकडून दुसऱ्याकडे शेजारी बसूनच जातात.

म्हणून ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना माझं सांगणं आहे की, पुढच्या क्रोमचे पैसे मिस्त्रीला द्या. त्याच्या हाताखाली एखादा शिकाऊ मुलगा ठेवता येईल एवढे द्या. तो काम करताना वही घेऊन बसा आणि मापं लिहून काढा. आयटीआयमध्ये एका टेबलावर एखादं जुनं इंजिन ठेवायला फारसा खर्च येणार नाही. ज्या मुलाने एका सिलिंडरचं इंजिन हाताने जोडलं आहे, तो संगणकावर दोष शोधतानाही अधिक शहाणा ठरेल.

आणि हे फक्त मुलग्यांसाठी नाही. बिअॅट्रिस शिलिंग या इंग्रज अभियंता बाईंनी १९३४ साली ब्रूकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टनवरून ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली होती. त्याच बाईंनी पुढे १९४१ साली लढाऊ विमानाचं इंजिन सूर मारताना बंद पडू नये म्हणून एक छोटी चकती शोधून काढली आणि कित्येक वैमानिकांचे प्राण वाचवले. माझी नात अकरा वर्षांची आहे. तिला आज व्हिटवर्थचा पाना हातात घेऊन न बघता त्याचं माप सांगता येतं. मिस्त्री तिला ‘वस्ताद’ म्हणतात, मला अजून ‘साहेब’च म्हणतात.

प्रत्येकाच्या घरी मोटारसायकल नसेल. पण बंद पडलेला मिक्सर, आजीचं शिवणयंत्र, अडून बसलेला पंखा असं काहीतरी माळ्यावर असेलच. टाकून देण्याआधी एकदा ते दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. मुलांना बरोबर न्या, आणि वस्तू तिथे ठेवून परत येऊ नका. स्टूल मागून घ्या, बसा आणि तो काय करतो ते बघा.